सिमेंटच्या वाघोबावर ठेवलेला हात

या सदरातले चकव्याचे, हडळीचे अनुभव मी नेमाने वाचतो आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा हसतो. माझा धंदाच तसा होता. मी खोटे दगड बनवायचो. प्राणिसंग्रहालयात वाघ-बिबट्यांच्या मागे जो कातळ दिसतो ना — भेगा पडलेला, शेवाळलेला, पाण्याचे ओघळ उतरलेला — तो बऱ्याचदा कातळ नसतोच. आत सळयांचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी, त्यावर दोन बोटं सिमेंट, आणि बाकी सगळं पोकळ. ते शेवाळ म्हणजे माझा स्पंज, माझा फवारा आणि तीन प्रकारचे हिरवे रंग. जो माणूस कातळावरची घारीची शीटसुद्धा ब्रशने काढतो, त्याला दगडातल्या देवाबद्दल काय वाटणार? पोत्यातून आलेल्या मालात देव असतो असं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला ते पोतं उचलायला लावलं असतं.

आता तसं म्हणत नाही. का, ते सांगतो.

मी मूळचा धसईचा. बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचो, म्हणून सगळे पेंटर म्हणायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आसनगावला, हायवे सोडून थोडं आत, एका शेठची शेड उभी राहिली. शेठचं नाव नको. सगळे शेठच म्हणायचे, आपणही तेच म्हणू. आधी बागेतले कारंजे नि बगळे करायचा, मग प्राणिसंग्रहालयांची कामं मिळायला लागली. मला रंगाला घेतलं.

आणि तिथे काशादा होता. काशिनाथ. वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी ठाकरांची एक वाडी आहे, तिथला. गवंडी. आठवडाभर शेडमध्ये राहायचा आणि शनिवारी घरी जायचा. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण दगड कुठे फुटेल, कसा झिजेल हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मी कुठे उगाच तिरपी भेग रंगवली की डोक्यात टपली बसायची.

"पाणी जातंय खाली, नि तुझी भेग चालली वर? दगडाला काय येड लागलाय का रं?"

त्याने मला एक सवय लावली. तयार दगडावर बोटाच्या पेराने ठोकायचं. डब असा आवाज आला की पोकळ. टक असा आला की भरीव. तो हसून म्हणायचा, "डब वाजला तर आपला, टक वाजला तर देवाचा." दारू तो पीत नसे. बापाला त्याने दारूतच जाताना पाहिलं होतं आणि लहानपणीच कान पकडले होते. चहा मात्र दिवसाला दहा वेळा.

एका मोठ्या कामासाठी शेठला अस्सल सह्याद्रीचा पोत हवा होता. मग काशादाच आम्हाला त्याच्या वाडीमागच्या डोंगरात घेऊन गेला. आमची पद्धत अशी — खरा दगड तारेच्या ब्रशने साफ करायचा, त्यावर रबराचं दूध लावायचं, सुकलं की पुन्हा लावायचं, मधे बँडेजसारखी जाळी द्यायची. सात-आठ थर झाले की अख्खी साल सोलून काढायची. तो साचा. त्यात सिमेंट घातलं की दगडाची बारीकसारीक पुळीसुद्धा उतरते. आठवडाभर आम्ही दगड सोलत होतो.

शेवटच्या दिवशी शेठची नजर वाडीच्या शिवेवरच्या वाघोबावर गेली. कमरेएवढा काळा धोंडा, माथ्यावर बसकण असल्यासारखा खोलगट, आणि समोरून शेंदूर फासलेला. शेठ म्हणाला, "हाच पाहिजे. यावर बिबट्या बसलेला बघा, पब्लिक फोटो काढून वेडं होईल."

काशादा पहिल्यांदाच नाही म्हणाला. "यो नको शेठ. याच्यावर हात ठेवून आमची माणसं बोलतात."

"बोलतात म्हणजे?"

"म्हंजे भांडण झालं, कुणाची कोंबडी गेली, कुणावर आळ आला... तर याच्यावर हात ठेवायचा नि काय ते बोलायचं. याच्याम्होरं खोटं नाय बोलत कोण."

शेठने ऐकलं नाही. दिवसभर भुणभुण लावली. शेवटी काशादाने नारळ फोडला, धोंड्याच्या पाया पडला आणि साचा स्वतःच्या हाताने घेतला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शेंदूर काही त्याने ब्रशने घासला नाही. त्यामुळे झालं काय, साच्याला आतून शेंदूर चिकटून आला, आणि शेडमध्ये त्यातून पहिला दगड काढला तो समोरून लालसर निघाला. पहिल्या दगडात असं होतंच, माती, शेवाळ, काय असेल ते त्यात उतरतं. काशादाने तो दगड शेडच्या मागे जांभळीखाली नेऊन ठेवला. "यो विकायचा नाय," म्हणाला. पुढे येता-जाता कामगार त्यावर फूल ठेवायला लागले. मी कधी ठेवलं नाही. मी फक्त ठोकून पाहायचो. डब.

त्याच कामासाठी शेडमध्ये एक नमुन्याची गुहा बांधायची होती. गिऱ्हाइकाकडचे साहेब लोक बुधवारी बघायला येणार होते. गुहेचं छत गुरुवारी टाकलं, खालून बांबूचे टेकू लावले. काशादा म्हणाला, पंधरा दिवस टेकूंना हात लावायचा नाही. छत जाड झालं होतं, कारण वरून झाडं लावायची होती. आतला रंग तेवढा राहिला होता. सोमवारी सकाळी शेठ आला आणि म्हणाला, टेकू काढ.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. काशादा म्हणाला, "शेठ, चार दिस झालेत. माल अजून वला हाय." शेठ म्हणाला, "मला शिकवू नको. साहेबांना काय बांबू दाखवू? काढ." काशादाने हातातली थापी खाली ठेवली. मग कामगारांना बाहेर काढलं, कुणाला आत ठेवलं नाही, आणि स्वतः गेला. तीन टेकू निघाले. चौथ्याला छत त्याच्यावर आलं.

मी बाहेर रंग कालवत होतो. डब्यातला रंग सगळा अंगावर उडाला. त्यानंतरचं मला लिहायचं नाही.

पण त्यानंतर जे झालं ते लिहितो, कारण तिथूनच माझं डोकं फिरलं. हवालदार आला तेव्हा शेठने सांगितलं, माणूस प्यायलेला होता, मी बजावून सांगितलं होतं टेकूंना हात लावू नको म्हणून. असं म्हणताना त्याचा आवाज हललासुद्धा नाही. शेठ टेकूंचं बोलला तेव्हा कामगार गुहेच्या आत होते, कुणी काही ऐकलं नव्हतं. हवालदाराने मला विचारलं, "तू काय पाहिलंस?"

मी म्हणालो, "रंग कालवत होतो साहेब. लक्ष नव्हतं."

मला तुम्ही भित्रा म्हणा. घरात दोन लहान मुली, आणि शेठची ओळख सगळीकडे. पण त्या क्षणापासून त्या माणसाचं वाटोळं व्हावं यापलीकडे माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. त्याच्या शेडमध्ये काम करायचो, त्याचा चहा प्यायचो, आणि तो जिन्यावरून पडावा, त्याला लकवा व्हावा, त्याची जीभ झडावी असं रोज मनात म्हणायचो. तो धडधाकट होता. वर त्याचं वजन वाढलं.

दीड महिन्याने काशादाची बायको, चांगुणावहिनी, शेडवर आली. बरोबर वाडीतले चार बाप्ये. दुपारची वेळ होती. शेठ घाबरला, खुर्च्या मागवल्या. ती बसली नाही.

"मला तुझ्याकडून काय नको शेठ. ते पिलेले नव्हते, एवढं बोल."

शेठ म्हणाला, "बाई, जे झालं ते कागदावर आलंय. आता माझ्या बोलण्याने काय होणार?"

"वाडीत आर्ध्या भिंती त्यांनी बांधल्यात. हिरीचा काठ त्यांनी बांधलाय. आता लोकं बोलतात, दारुड्यानं बांधलाय, पोरांना काठाला टेकाया देऊ नका. यवडं आयकून मी जगायचं का? वाडीवर चल. वाघोबावर हात ठेव नि मला सांग, पिलेले होते. मी गप घरी जाईन."

शेठ वाडीवर जाणार नव्हता, हे उघड होतं. तिथे जाऊन परत येऊ की नाही, याची त्याला खात्री नव्हती. तो चाचरायला लागला. आणि तेव्हा मी बोललो. इतके दिवस तोंडाला कुलूप होतं, ते नेमकं इथे उघडलं.

"वाडीवर कशाला शेठ? वाघोबा इथेच आहे की. मागे, जांभळीखाली."

शेठने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. सिमेंट कुठल्या कंपनीचं, रेती कुठल्या नदीची, सगळं त्याला माहीत होतं. माझ्यावर खूश झाला. त्याला वाटलं, मी त्याला सोडवतोय. मी खरं तर त्याला ढकलत होतो. विश्वास माझाही नव्हता, पण माणूस काठी नसली की ढेकूळ उचलतो.

आम्ही मागे गेलो. वाडीतला एक म्हातारा पुटपुटला, "सिमेटाचा द्येव चालंल का गो?"

वहिनीने दगडावरची सुकी पानं काढली. लाल भागावर तळहात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग मला विचारलं, "भावजी, याचा साचा कुनी घेतलेला?"

"काशादाने. नारळ फोडून."

"मंग चालंल."

त्या लोकांच्या शपथेत मरू दे, सडू दे असलं काही नसतं. एकच वाक्य असतं. वहिनीने ते शेठला सांगितलं. शेठने उजवा हात दगडावर ठेवला आणि घडाघडा बोलून मोकळा झाला —

"काशिनाथ प्यायलेला होता. टेकू काढायला मी सांगितलं नाही. खोटं बोलत असेन तर वाघाने मला वळखावं. झालं? आता चहा घ्या सगळ्यांनी."

कुणी चहा घेतला नाही. वहिनी फाटकाकडे चालायला लागली. सगळे गेल्यावर मी तिथेच उभा होतो. सवयीने त्या दगडावर बोटाचं पेर आपटलं.

टक.

मी पुन्हा ठोकलं. बाजूला ठोकलं, माथ्यावर ठोकलं. सगळीकडे टक. शेजारी त्याच साच्यातला दुसरा दगड पडला होता, त्यावर ठोकलं, तर डब. मनाशी म्हणालो, पाऊस आत गेला असेल, माती भरली असेल. पण खालून तो दगड उघडा होता आणि मी तो कलता करून हात घालून पाहिलं तर आत रिकामी जागा होती.

शेठला तो दगड नंतर डोळ्यांसमोर नको झाला. फुलं थांबत नव्हती ना. त्या मोठ्या कामाचा ट्रक निघाला तेव्हा त्याने तो त्यातच चढवला. ते प्राणिसंग्रहालय दुसऱ्या राज्यातलं होतं, गावाचं नाव लिहीत नाही. बिबट्यासाठी मोकळं आवार होतं, पुढे खंदक, मागे आमचा कातळ. आमचा वाघोबा मधोमध, उन्हात बसायचा दगड म्हणून बसवला. शेठच्या सांगण्यावरून त्याची लाली मीच रंगाने झाकली. पाच महिने कामाला गेले.

बिबट्याची मादी होती. पिंजऱ्यातच वाढलेली, माणसांना इतकी सरावलेली की प्रेक्षकांकडे ढुंकून बघत नसे. आवारात सोडली त्या दिवशी सकाळी आम्ही पाच-सहाजण कठड्याला होतो. ती कोपरे हुंगत फिरली, मग सरळ त्या दगडापाशी गेली, वर चढली आणि त्या खोलगट जागेत बसली. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेठ उशिरा आला, दहाच्या सुमाराला. तो फाटकातून आत शिरला आणि ती उभी राहिली.

गुरगुरली नाही. दात दाखवले नाहीत. कान पुढे करून नुसती बघत राहिली. शेठ कठड्याकडे आला, तशी ती दगडावरून उतरून खंदकाच्या काठाशी आली. तो साहेबांना काम दाखवत डावीकडे चालला, ती डावीकडे चालली. तो थांबला, ती थांबली. तो परत वळला, ती वळली. तोवर शाळेची सहल आली होती, शंभर-दीडशे मुलं ओरडत होती. तिचं लक्ष फक्त एका माणसावर.

एक साहेब हसून म्हणाले, "काय शेठ, जुनी ओळख दिसतेय!"

शेठही हसला. मी हसलो नाही. खरं सांगतो, भीती मला वाटलीच नाही. मला आनंद झाला होता. वाढदिवसाला होतो तसा आनंद.

दुसऱ्या दिवशी शेठ टोपी घालून आला. तिसऱ्या दिवशी माझा रंगाचा सदरा मागून घेतला आणि तो घालून गर्दीत मागे उभा राहिला. मी कठड्याला होतो, मला तिचे डोळे दिसत होते. ते माझ्यावरून, सगळ्यांवरून सरकत मागे गेले आणि एका जागी थांबले. चौथ्या दिवशी तिथला कीपर माझ्याकडे आला. "पेंटर, शेठ को मत लाया करो. वो आते हैं तो जानवर खाना नहीं खाता."

तुम्ही म्हणाल, वास असेल. त्याने काही तरी लावलं असेल, माणसाची चाल असते, जनावराला कळतं. मीही म्हणालो. म्हणून तर पुढच्या कामाला, साफ वेगळ्या शहरात, जिथे आमचा तो दगड नव्हता, मी मुद्दाम शेठला आग्रह करून वाघाच्या आवारापाशी नेलं. तो वाघ म्हातारा होता. पाठ करून झोपला होता. शेठ कठड्याला टेकल्यावर उठला, लंगडत पुढे आला आणि जाळीला तोंड लावून उभा राहिला. दोन तास. शेठ निघाला तेव्हा जाळीच्या कडेकडेने शेवटच्या टोकापर्यंत आला. त्याचं मांस तसंच पडलं होतं.

पुढच्या कामाला तेच. त्याच्या पुढच्या कामाला तेच. वाघ, बिबट्या, एका ठिकाणी सिंहीणसुद्धा. अस्वल, माकडं, हरणं यांना शेठचं काही सोयरसुतक नव्हतं. एका ठिकाणी जनावराने त्याला बघून आतल्या दाराला धडका मारल्या आणि कपाळ फोडून घेतलं. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. हा माणूस आला की जनावर बिघडतं, अशी बोलवा झाली आणि कामं यायची थांबली. मी प्रत्येक ठिकाणी त्याच्या मागे उभा असायचो. त्याची मान आखडायची, सदरा पाठीला चिकटायचा, तो मागे न बघता भराभर चालायला लागायचा, ते सगळं मी नीट बघायचो. काशादाच्या वतीने बघतोय असं मला वाटायचं.

मग ते आसनगावला आलं. पावसाळा संपता संपता एका सकाळी शेडमध्ये आदल्या दिवशी टाकलेल्या ओल्या लादीवर पावलं उमटली होती. चार बोटं, मागे गादी, नख नाही. वनखात्याचा माणूस म्हणाला, बिबट्या आहे, माहुलीच्या डोंगरावरून उतरतात, नवल काय त्यात? नवल नव्हतंच. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि तो कुत्री-बकरी न्यायला येतोच. फक्त शेजारी सहा बकऱ्या बांधलेल्या होत्या, त्यांना त्याने तोंड लावलं नव्हतं. पावलं फाटकातून आली होती, पुढे सिमेंटच्या धुळीत शेठच्या खुर्चीभोवती तीन फेरे झाले होते, आणि गेली होती.

त्या दिवशी शेठ त्या खुर्चीत बसला नाही. मला बाहेर बोलावलं. दोन वर्षांत निम्मा झाला होता.

"पेंटर, तुझ्याकडे बघतात का रे ते?"

"नाही शेठ."

"का नाही?"

"मी कुठे शपथ घेतली?"

"अरे, पण ते सिमेंट होतं!" तो ओरडलाच.

मी म्हणालो, "सिमेंट तुमचंच होतं शेठ."

हे वाक्य मी महिनोन्‌महिने तोंडात घोळवून ठेवलं होतं. ते बोलायला मिळालं म्हणून मी त्या दिवशी घरी जिलबी घेऊन गेलो.

वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या आधी, वाडीवर गुराखी वाघोबाला पुजतात, खिरीचा नैवेद्य दाखवतात. त्या दिवशी सकाळी शेठ स्वतःहून म्हणाला, मला तिथे घेऊन चल. वैशाखऱ्याला गाडी लावून आम्ही चढ चढलो. अख्खी वाडी जमली होती. शेठला बघून लोक बाजूला झाले. तो कुणाला काही न विचारता धोंड्यापाशी गेला — खऱ्या — आणि उजवा हात शेंदरावर ठेवला.

"काशिनाथ प्यायला नव्हता. टेकू काढायला मी सांगितलं. तो नको म्हणत होता. मी खोटं बोललो."

मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणखी काही बोलेल असं वाटलं. बोलला नाही. हात काढला, तो लाल झाला होता, तसाच खाली उतरून गेला. कुणी त्याला अडवलं नाही की शिवी दिली नाही.

मी विजयी होतो. खोटं कशाला बोलू? चांगुणावहिनी पानाच्या द्रोणात खीर घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, शेवटी काशादाचं नाव धुतलं गेलं. वाघाने बरोबर वळखलं त्याला."

"वळखलं," ती म्हणाली. "तो बोलला ना. खोटं बोलला, मंग खरं पण बोलला. आता सोडील त्याला." द्रोण माझ्या हातात दिला. "तुमी काय बोललाच नाय भावजी. तुमाला वाघ वळखंल कसा?"

"मला काय बोलायचं होतं वहिनी?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, दुसऱ्या द्रोणात खीर घालत होती. "शनवारी घरी आलते तवा बोलले, पेंटर कुरकुरतोय. टेकू आड येतात, आतला रंग येकसारका बसत नाय, असा शेठच्या मागं लागलाय. सोमवारी काढाय लावतील." मग म्हणाली, "खा. गार व्हते."

वर एक गोष्ट मी लिहिली नव्हती, ती ही. शनिवारी सकाळी मीच शेठकडे गेलो होतो. टेकूंच्या मागे फवारा पोचत नव्हता, पट्टे पडत होते, आणि माझं काम साहेबांसमोर वाईट दिसणार होतं. मीच म्हणालो, "शेठ, ते टेकू काढायला लावा ना, छत बसलंय आता." छत बसलंय की नाही, यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. सोमवारी शेठ जे बोलला ते त्याच्या तोंडात मी घातलेलं होतं. आणि वाघोबासमोर उभा राहून, मला अडकवायची आयती संधी असताना, तो माणूस माझं नाव न घेता गेला. ज्याच्या वाटोळ्याची मी दोन वर्षं वाट पाहिली त्याच्याकडून मला हे मिळालं. आणि वहिनीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जांभळीखाली मला भावजी म्हणाली, तेव्हाही.

शेठने धंदा बदलला, पुढे कुंड्या करायचा. नंतर एकदा भेटला तेव्हा म्हणाला, त्या पहिल्या ठिकाणी मुद्दाम जाऊन आलो. ती मादी त्या दगडावर बसली होती. एकदा बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

सिमेंट भरीव कसं वाजलं, जनावरांना काय कळलं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. कुणाला शास्त्रीय कारण माहीत असेल तर जरूर कळवा, मी वाचीन.

मी दरवर्षी वाघबारशीच्या सुमारास त्या पहिल्या प्राणिसंग्रहालयात जातो. तिकीट काढून कठड्याला उभा राहतो. ती मादी केव्हाच गेली, आता तिथे दुसरा बिबट्या आहे. तोही त्याच दगडावर बसतो, आणि माझ्या हातचा रंग उडून आतली लाली पुन्हा दिसायला लागली आहे. मी कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. थांबतो. परत येतो. बिबट्या फुगेवाल्याकडे बघतो, पोरांकडे बघतो, एकदा तर शेजारच्या बाईच्या छत्रीकडे बघत बसला होता. माझ्याकडे बघत नाही.

वाडीवर जाऊन धोंड्यावर हात ठेवायला फार वेळ लागणार नाही. मुरबाडहून गाडी आहे, पुढे अर्ध्या तासाचा चढ. वहिनी अजून आहे. अजून गेलेलो नाही, आणि का गेलो नाही, तेही मला सांगता येत नाही.